वाडा उतरवणारी मुले : बाळीवेशीतील एका कामाचा सविस्तर अभिप्राय

सोलापुरातल्या बाळीवेशीजवळच्या आमच्या वडिलोपार्जित वाड्याची मागची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी खचली आणि वाडा काढून टाकण्यावाचून पर्याय उरला नाही. पाडकामाच्या ठेकेदाराला न बोलावता आम्ही हे काम एका सेवाभावी संस्थेला दिले. शिक्षण अर्धवट सुटलेल्या आणि हाताला नियमित काम नसलेल्या तरुण मुलामुलींना ही संस्था जुन्या इमारती सुट्या करण्याचे, त्यातून निघालेला माल पुन्हा वापरण्याजोगा करण्याचे आणि तो विकण्याचे चार महिन्यांचे प्रशिक्षण देते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत कामाचे सत्तेचाळीस दिवस झाले आणि त्यांपैकी बहुतेक दिवस मी सकाळी तिथे हजर होते. तेव्हापासून ओळखीचे अनेक जण हे काम त्यांच्याकडे द्यावे का, असे विचारतात, म्हणून जे पाहिले ते हिशेबासह लिहीत आहे.

आमच्याकडे जुनी माणसे घर ‘पाडणे’ आणि घर ‘उतरवणे’ असे दोन वेगळे शब्द वापरत. माझ्या आईचे माहेर उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले. 1980 मध्ये धरण पूर्ण झाले, पण त्याच्या आधीच आजोबांनी तुळया, खांब आणि चौकटी बैलगाड्यांतून नव्या गावठाणात नेल्या होत्या आणि तीच लाकडे पुन्हा उभी केली होती, असे आई सांगत असे. घर उतरवणे ही त्या पिढीला कोणी शिकवावी लागणारी गोष्ट नव्हती. गावचा सुतार आणि घरातली चार माणसे मिळून ते होत असे. पुढे सिमेंट आले, यंत्रे आली, सुतारांची मुले इतर कामांना लागली आणि हे कसब मागे पडले. संस्था मुलांना शिकवते ते नेमके हेच कसब आहे.

ठेकेदाराशी आमचे बोलणे झाले होते. त्याने उक्ता सौदा सांगितला: सगळे लाकूड, दगड, विटा आणि लोखंड त्याचे, त्याबदल्यात आम्हाला दीड लाख रुपये रोख, आणि आठ दिवसांत जागा मोकळी. हा व्यवहार गैर नाही आणि घाईत असलेल्या माणसाला तो सोयीचा आहे. मात्र यंत्राचा पंजा फिरला की सागवानी तुळई मधोमध चिरते, शहाबादी फरशीचे तुकडे होतात आणि पांढरी माती, चुना, विटा यांचा एकच ढीग होतो. तो राडारोडा मग शहराबाहेरच्या एखाद्या ओढ्याच्या काठाला जाऊन पडतो. केंद्र सरकारने 2016 मध्ये बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नियम केले, तेव्हा काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-चुना असे चार भाग वेगळे करण्याची जबाबदारी असा कचरा मोठ्या प्रमाणावर निर्माण करणाऱ्यांवर टाकली. प्रत्यक्षात असे वेगळे केलेले ढीग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले ते आमच्याच अंगणात.

सोलापूरकरांच्या डोळ्यांसमोर पाडकाम म्हटले की 15 जून 2023 रोजी काही सेकंदांत जमीनदोस्त झालेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी येते. वाड्याचे काम त्याच्या अगदी उलट टोकाला असते, कारण इथे प्रत्येक दिवशी फार थोडे घडलेले दिसते आणि जे घडते ते हातांनी घडते.

पहिले तीन दिवस एकही वीट हलली नाही. मुलांनी वीज आणि नळ तोडून घेतल्याची खात्री केली, प्रत्येक खोलीचा कच्चा नकाशा काढला आणि खांब, तुळया, छताच्या कड्या, चौकटी यांच्यावर क्रमांक टाकले. त्यांना शिकवणारे निवृत्त सुतार मिस्त्री दर सकाळी एकच प्रश्न विचारत: “हे घर बांधताना शेवटी काय बसवलं असेल?” जे शेवटी बसले ते आधी निघते, हा या कामाचा मूळ नियम आहे, आणि तो मुलांच्या तोंडी पाठ करून घेण्यापेक्षा त्यांना घराकडे पाहून ओळखायला लावणे ही शिकवण्याची रीत मला फार योग्य वाटली. मी पंचवीस वर्षे शाळेत शिकवले आहे, म्हणून हे जबाबदारीने सांगते.

त्यानुसार आधी कड्या-कोयंडे, मग दारांची पाने, खिडक्यांचे गज आणि कपाटांच्या फळ्या निघाल्या. नंतर माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, पाळी आली, आणि हा सगळ्यात जोखमीचा भाग होता. आमच्या माळवदावर सुमारे फूटभर पांढरी माती होती, म्हणजे कोरड्या दिवसांतही दर चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या आसपास भार. एका बाजूची माती आधी काढली तर दुसऱ्या बाजूच्या भाराने तुळई मुरडते आणि खालची कच्ची भिंत बाहेर ढकलली जाते. म्हणून मुलांनी खाली आधाराला उभी लाकडे दिली, वर फळ्या टाकून त्यांवरूनच चालायचे असा दंडक घातला, आणि दोन्ही बाजूंनी मध्याकडे सारखी माती काढत आणली. ही माती पंढरपूर रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याने स्वतःचा ट्रॅक्टर लावून नेली. जुन्या भिंतींची आणि माळवदाची माती शेतात पसरण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

माती निघाल्यावर कडीपाट, म्हणजे छताच्या कड्या आणि त्यांवरचे लाकडी पाट, उघडा पडला. घरातल्या आम्हा सगळ्यांचे आयुष्य त्या पाटांखाली गेले, पण वरच्या अंगाने ते कसे आहेत हे कोणीच कधी पाहिले नव्हते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या तीन तुळयांची भिंतीत रुतलेली टोके वाळवीने आणि ओलीने पोकळ झाली होती. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकवला आणि नंतर प्रत्येक मुलाला डोळे मिटून भरीव कुठे संपते ते सांगायला लावले. एका मुलीचा अंदाज सलग चार वेळा बरोबर आला. ती कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीतून येत होती आणि महिन्याभरात लाकडाची प्रतवारी तिच्याकडेच सोपवली गेली. त्या पोकळ टोकांपासून हातभर अंतर सोडून तुळया कापल्या आणि उरलेला भाग पूर्ण निरोगी निघाला. ठेकेदाराच्या ढिगाऱ्यात ही निवड कोणी केली असती असे मला वाटत नाही.

तुळया दोर आणि कप्पीने खाली घेतल्या. बाळीवेशीतल्या आमच्या बोळात मोठे यंत्र मुळात शिरतच नाही, त्यामुळे ही पद्धत इथे सोयीचीही ठरली आणि शेजाऱ्यांच्या भिंतींना एक तडा गेला नाही. खांब आपापल्या तळखड्यांवरून उचलून बाजूला ठेवले. विटांचे काम मात्र मला वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले, कारण आमच्या वाड्याच्या विटा चुन्यात बसवलेल्या होत्या. चुना विटेला सोडतो. हलक्या हाताने ठोकले की वीट सुटते आणि पत्र्याच्या पातीने घासली की स्वच्छ होते. वाड्याच्या मागे 1985 च्या सुमारास सिमेंटमध्ये बांधलेली न्हाणी होती आणि तिथे दहातली एक वीटही अखंड निघाली नाही, कारण तिथे सिमेंट विटेहून घट्ट असल्यामुळे आधी वीटच फुटते. ज्यांचे घर सत्तर सालानंतरचे आणि सिमेंटचे आहे त्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

न्हाणीवर सिमेंटचे जुने पत्रे होते. अशा जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि ते फोडले की श्वासावाटे फुप्फुसात जाणारे तंतू सुटतात. इथे संस्थेचे वागणे निर्दोष होते: त्या दिवशी मुलांना दूर ठेवून शिकवणाऱ्या दोघांनीच पत्र्यांवर पाणी मारले, बोल्ट कापून ते अखंड उतरवले, प्लास्टिकमध्ये गुंडाळले, आणि त्यांना गिऱ्हाईक असूनही ते विक्रीला ठेवणार नाही असे स्पष्ट सांगितले.

आता मुलांविषयी. एकूण चौदा जण होते, त्यांत तीन मुली. बहुतेकांची घरे पूर्व भागात किंवा कुंभारीकडे. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळणारी. काम करताना तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी अशा चारही भाषा कानांवर पडत, आणि पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांची ‘अक्का’ झाले. अठरा वर्षांखालील कोणालाही घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण हे धोक्याचे काम आहे. चार महिन्यांत नव्वद दिवसांहून अधिक काम भरते, आणि इमारत बांधकाम कामगार म्हणून कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायला मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. संस्था हा दाखला देते आणि अर्ज भरायलाही मदत करते. माझ्या मते मुलांच्या हाती पडणाऱ्या सगळ्या कागदांमध्ये हा सर्वांत उपयोगाचा आहे. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रापेक्षाही, कारण त्या प्रमाणपत्राला अजून शहरातल्या किती ठेकेदारांकडे किंमत आहे याविषयी मला शंका वाटते.

प्रशिक्षणाच्या काळात मुलांना रोज विद्यावेतन मिळते, पण ते शहरातल्या साध्या बिगाऱ्याच्या मजुरीपेक्षा कमी आहे. यामुळे दोन मुले मधेच सोडून गेली. त्यांपैकी एकाच्या घरी कमावणारे दुसरे कोणी नव्हते, आणि त्याला थांब म्हणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. संस्थेने देणगीदारांकडून आणखी काही मागायचे असेल तर नव्या अवजारांच्या आधी हे विद्यावेतन वाढवण्यासाठी मागावे, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

तरुणांना काम शिकवण्यासाठी इमारतींचा असा उपयोग इतर देशांत बराच झाला आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये 1978 मध्ये ‘यूथबिल्ड’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या उपक्रमाची सुरुवात झाली, तेव्हा तिथल्या मुलांनी पडीक इमारत दुरुस्त करत करतच काम शिकले. अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहराने 2016 मध्ये आणखी एक पाऊल टाकून 1916 किंवा त्याआधीची राहती घरे यंत्राने न पाडता हातांनीच सुटी करावीत असा नियम केला आणि 2020 पासून ती मर्यादा 1940 पर्यंत आणली. नियम झाला की कामही निर्माण होते आणि शिकलेल्या हातांना मागणीही. सोलापुरात शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, नवी पेठ इथले किती वाडे येत्या दहा वर्षांत जाणार आहेत हे रस्त्यावरून चालताना कोणालाही दिसते. तेवढे काम या मुलांना पुरून उरेल.

हिशेब पूर्ण देते, कारण याविषयीच सर्वाधिक विचारणा होते. संस्थेने आमच्याकडून कामाचे 1,80,000 रुपये घेतले. निघालेल्या सागवानापैकी सुमारे 120 घनफूट आम्ही नव्या घरासाठी ठेवले. उरलेले 90 घनफूट लाकूड, सात हजार विटा, जादा शहाबादी फरशी आणि लोखंडी गज संस्थेने आपल्या दुकानातून विकले, त्याचे एकूण 2,60,000 रुपये झाले आणि ठरल्याप्रमाणे साठ टक्के म्हणजे 1,56,000 रुपये आम्हाला मिळाले. म्हणजे आमच्या खिशातून निव्वळ 24,000 रुपये गेले आणि संस्थेच्याच 2,200 रुपये घनफूट या दराने धरले तर 2,64,000 रुपयांचे लाकूड हाती राहिले. ठेकेदाराच्या दीड लाखाशी तुलना केली तर आम्हाला सुमारे नव्वद हजारांचा फायदा झाला. परंतु लाकूड स्वतः वापरायचे नसेल आणि सगळेच विकायला दिले, तर याच आकड्यांनी हाती 1,34,400 रुपये येतात, म्हणजे ठेकेदारापेक्षा थोडे कमी, आणि वाट पाहणे वेगळेच. केवळ पैशासाठी हे काम त्यांच्याकडे देऊ नये.

एक खर्च मला आधी कोणी सांगितला नव्हता. जुन्या लाकडात खिळा राहिला तर कापताना करवतीचे पाते जाते, म्हणून दोन सॉ मिलवाल्यांनी आमचे लाकूड कापायला नकार दिला. शेवटी संस्थेच्या मुलांनीच हातातल्या मेटल डिटेक्टरने प्रत्येक तुळई पुन्हा तपासली, लाकडात मोडून राहिलेले सत्तावीस खिळे कोरून काढले, आणि मग तिसऱ्याने ते काम घेतले. ही तपासणी माल सोपवण्याआधीच व्हायला हवी होती.

तक्रारी आणखी तीन आहेत. तीस दिवस सांगून सत्तेचाळीस दिवस लागले. शिकणाऱ्या हातांना वेळ लागणार हे मान्य आहे, पण तो वेळ पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगावा, कारण आम्ही भाड्याच्या घरात जादा महिना काढला. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे: तुळयांवरचे क्रमांक खडूने टाकले होते, आणि एप्रिलमधल्या अवकाळी पावसाच्या एका रात्रीत ते धुऊन गेले. नकाशा होता म्हणून खांब आणि तुळयांच्या जोड्या पुन्हा लावता आल्या, परंतु कड्यांचा क्रम कायमचा गेला. पत्र्याचे छोटे बिल्ले ठोकण्याचा खर्च नगण्य आहे आणि आता ते तसे करतात असे मला कळले. तिसरी गोष्ट धुळीची. पहिल्या आठवड्यात अनेक मुले तोंडाला नुसता रुमाल बांधून माती काढत होती. जुन्या मातीची आणि दगडाची बारीक धूळ रुमालातून आरपार जाते आणि तिची किंमत माणसाला वीस वर्षांनी मोजावी लागते. मी बोलल्यावर दुसऱ्या दिवशी योग्य मास्क आले. हेल्मेट आणि कमरेचे दोर मात्र पहिल्या दिवसापासून होते आणि त्यांच्याशिवाय मिस्त्री कोणालाही शिडी चढू देत नसत, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवते.

अक्कलकोट रस्त्यावर बंद पडलेल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या शेडमध्ये त्यांचे दुकान आहे, तिथे वाडा नसलेल्यांनीही जावे. दारे आणि चौकटी मापाप्रमाणे लावलेल्या आहेत, प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली आहे आणि ती कोणत्या पेठेतल्या घरातून आली तेही लिहिलेले आहे. शहाबादी फरशी नव्याच्या साधारण निम्म्या किमतीत मिळते, आणि वर्षानुवर्षे पायांनी घासून तिला आलेला गुळगुळीतपणा नव्या फरशीला यंत्रानेही तसा येत नाही. पितळी कड्या, लोखंडी गज आणि छोटी कपाटे लवकर संपतात. सोमवारी दुकान बंद असते. माल घरपोच देण्याची सोय अजून नाही, टेम्पो आपला आपण करावा लागतो.

काम द्यायचे असेल तर ते दिवाळीनंतर सुरू होऊन एप्रिलच्या आत संपेल असे पाहावे. मार्चच्या मध्यापासून मुले सकाळी सहाला येत आणि अकरानंतर माळवदावर कोणालाही चढू देत नसत, कारण त्या उन्हात लोखंडी पहार हातात धरवत नाही. त्यामुळे कामाचे तास घटतात आणि दिवस वाढतात. मालाचे वाटे, टक्केवारी आणि मुदत कागदावर घ्यावी. घरातल्या एखाद्या माणसाने रोज तासभर तरी तिथे असावे, कारण काय ठेवायचे आणि काय द्यायचे याचे निर्णय दर दिवशी घ्यावे लागतात आणि ते मुलांवर सोडणे बरोबर नाही.

आमच्या वाड्याचे पुढचे दार, गणेशपट्टीसह, आता होटगी रस्त्यावरच्या नव्या घराला बसले आहे. ते बसवायला संस्थेतून प्रशिक्षण पूर्ण केलेला एक मुलगा आला होता. तो आता एका सुताराच्या हाताखाली कामाला आहे. जुलैपासून दाराचे खालचे डावे टोक चौकटीला घासू लागले, म्हणून मी त्याला फोन करून रंधा मारून जा म्हटले. तो म्हणाला, “अक्का, आत्ता लाकूड पाण्यानं फुगलंय. आत्ता काढलं तर उन्हाळ्यात फट पडंल. दिवाळीनंतर येतो, तेव्हा जेवढं लागंल तेवढंच काढू.” तोवर दार थोडे उचलून लावावे लागते.